गंजिफा : चित्रांत लिहिलेले खेळाचे नियम

१/ १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा नायक पडद्यावर आरंभी १६×१६ ठिपक्यांत मावत असे. त्याचे रूप आणि त्याच्या जगाची कथा सोबतची सचित्र माहितीपुस्तिका सांगे. वाटेतल्या विटा म्हणजे जादूने बदललेले प्रजाजन, हेही तिच्यातूनच कळे.

२/ दक्षिण कोकणातील सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत अशी वेगळी पुस्तिका नसे. पात्रांची ओळख पानावरच रंगवलेली असे.

३/ विष्णूच्या १० अवतारांचे १० गट, प्रत्येकात १२ पाने. एकूण १२० गोल पाने. राजाच्या पानावर अवतार, त्याखालोखाल प्रधान. उरलेल्या १० पानांवर केवळ चिन्हे : मत्स्याचे मासे, कूर्माची कासवे, परशुरामाचे परशू. अक्षरओळख नसलेल्यालाही चिन्हे मोजून पान ओळखता येई.

४/ तरीही सारे काही चित्रात नव्हते. निम्म्या गटांत प्रधानानंतर दश्शी श्रेष्ठ, तर निम्म्यांत एक्का. दिवसा डाव रामाच्या गटाने सुरू होई, रात्री कृष्णाच्या. हे नियम खेळता खेळताच पुढच्या पिढीकडे जात.

५/ विसाव्या शतकात ही कला लोप पावू लागली. तेव्हा शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागिरांना आश्रय देऊन ती जगवली. आज ही पाने प्रामुख्याने शोभेसाठी घेतली जातात. खेळणारे विरळ झाले.

६/ कोणते पान कोणत्या पानावर मात करते हे ठाऊक नसेल, तर हे साधन आपण अर्धेच वाचतो. म्हणून घरी किंवा गावी गंजिफा खेळलेले कोणी वडीलधारे असतील, तर त्यांच्याकडून एक डाव शिका आणि नियम लिहून ठेवा.