धावपट्टीवरील मंदन : स्पॉयलर आणि रिव्हर्सर

प्रस्तुत विवेचनात ‘अवतरण’ म्हणजे मुख्य चाके धावपट्टीला टेकल्यापासून विमान टॅक्सीच्या वेगाला येईपर्यंतची क्रिया. ‘उत्थापक बल’ म्हणजे पंखांभोवतीच्या वायुप्रवाहामुळे विमानाला वर उचलणारे बल. ‘रेटा’ म्हणजे इंजिनाने मागे फेकलेल्या हवेमुळे मिळणारे अग्रगामी बल. स्पॉयलर उत्थापक बलाचा नाश करतो. रिव्हर्सर रेट्याची दिशा पालटतो.

टेकताना ६० टन वजनाच्या विमानाचा वेग ताशी २५० किलोमीटर असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १४५ मेगाज्यूल भरते. ती घालवण्याची साधने तीन : (१) हवेचा रोध, (२) चाकांचे ब्रेक, (३) उलटा रेटा. पैकी ब्रेकचे सामर्थ्य चाकांवरील भाराच्या प्रमाणात असते. परंतु टेकल्याक्षणी विमानाचा बराचसा भार पंखांनीच पेललेला असतो. तो चाकांवर उतरेपर्यंत ब्रेक दाबून फारसे साधत नाही. म्हणून क्रमाने आणि महत्त्वानेही स्पॉयलर पहिला.

स्पॉयलर म्हणजे पंखाच्या वरच्या पृष्ठावरील बिजागरीच्या फळ्या. त्यांचा उपयोग द्विविध : आकाशात त्यांपैकी काही थोड्या उघडून वेग वा उंची कमी करतात, जमिनीवर सर्व पूर्ण उभ्या राहतात. पंखामागच्या खिडकीतून हे स्पष्ट दिसते. बोइंग ७३७मध्ये वैमानिक उतरण्यापूर्वी स्पीडब्रेकचा लिव्हर ‘आर्म’ स्थितीत ठेवतो. चाके टेकून फिरू लागताच तो लिव्हर आपोआप मागे सरकतो, आणि विमान न चालवणारा वैमानिक ‘स्पीडब्रेक अप’ असे मोठ्याने सांगतो. तो सरकला नाही, तर हाताने ओढावा लागतो.

‘विमान जमिनीवर आहे’ हा निर्णय स्पॉयलर आणि रिव्हर्सर दोन्हींसाठी यंत्राचा असतो, आणि त्याच्या अटी कडक असतात. कारण उघड आहे : २६ मे १९९१ रोजी बँकॉकहून निघालेल्या लाउडा एअरच्या बोइंग ७६७चा डावा रिव्हर्सर वर चढतानाच उघडला, विमानातील सर्व २२३ जण दगावले. परंतु कडक अटीलाही मोल पडते. १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा येथे लुफ्तान्साचे ए३२० ओल्या धावपट्टीवर आधी उजव्या चाकांवर टेकले. डावी चाके सुमारे ९ सेकंदांनी टेकली. दोन्ही मुख्य पायांवर एकाच वेळी भार नाही, आणि पाण्यामुळे चाके पुरेशी फिरत नाहीत, म्हणून तोवर यंत्राच्या लेखी विमान हवेतच होते. ते धावपट्टीबाहेर गेले. दोन मृत्यू झाले. अशा धावपट्टीवर हळुवार टेकण्यापेक्षा ठामपणे टेकणे श्रेयस्कर, हे प्रवाशाला रुचत नसले तरी खरे आहे.

रिव्हर्सर इंजिनाला उलटे फिरवत नाही. टर्बोफॅनचा बहुतांश रेटा गाभ्याबाहेरून जाणाऱ्या पंख्याच्या हवेतून येतो. इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग सरकतो, आतली दारे त्या हवेची वाट अडवतात आणि जाळीतून ती तिरकी पुढे वळते. गाभ्यातील तप्त वायू मात्र मागेच जातो. त्यामुळे उलटा रेटा सुलट्याचा अंशच असतो. तो अधिक वेगात अधिक प्रभावी, म्हणून टेकताच लावायचा. सुमारे ६० नॉटपर्यंत आयडलवर आणायचा, कारण पुढे फेकलेली हवा आणि खडी इंजिनातच परत ओढली जाऊ लागते.

रिव्हर्सरचा एवढा गडगडाट होतो म्हणून विमान त्यानेच थांबते, हा समज तपासावा लागतो. प्रमाणनात कोरड्या धावपट्टीवरील अवतरण-अंतर मोजताना रिव्हर्सर जमेस धरत नाहीत. शिवाय ऑटोब्रेक ठरावीक मंदन राखतो. रिव्हर्सर लावला की ब्रेकवरचा दाब तेवढा घटतो. ब्रेक कमी तापतात, कमी झिजतात. अंतर साधारण तेवढेच राहते. ओल्या धावपट्टीवर मात्र घर्षणच अपुरे पडल्याने ऑटोब्रेकला ते मंदन गाठता येत नाही. उलटा रेटा चाकांच्या पकडीवर अवलंबून नसल्यामुळे तेथे खरी भर घालतो. पावसाळ्यातील मुंबईत त्याचे मोल कळते.

रिव्हर्सर लावला की पुन्हा उड्डाणाचा पर्याय संपतो, असा नियम आहे. २२ मे २०१० रोजी मंगळुरूच्या पठारावरील ८,०३३ फुटी धावपट्टीवर एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सुमारे ५,२०० फुटांवर टेकले. रिव्हर्सर लावल्यानंतर काही सेकंदांतच पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला. १५८ जणांचा अंत झाला. रिव्हर्सर मिटायला आणि इंजिनाला पूर्ण रेटा धरायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत ब्रेक सुटलेले असतात, धावपट्टी मागे पडत असते, आणि दोन्ही बाजू सारख्याच मिटतील याची हमी नसते.