म्हाताऱ्या बैलाचे मोल : भंडाऱ्याचा गोठा आणि कायद्याची ६६ वर्षे

१/ युरोप-अमेरिकेतील अनेक छोटे शेतकरी चार-दोन जनावरे केवळ मांसासाठी पोसतात आणि दीड-दोन वर्षांत विकतात. भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्याने बैल पाळला तो धानासाठी. खाटकाचा प्रश्न उभा राही तो बैलाच्या मानेवरून जू उतरल्यानंतर. भारतातील गोवंश हत्याबंदीचा इतिहास या म्हाताऱ्या बैलापाशी येऊन पुन्हा पुन्हा अडला आहे.

२/ वैनगंगेच्या खोऱ्यातील हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. पाऊस पडला की बांधीत चिखलणी आणि लगेच रोवणी. दिवस मोजकेच. ज्याच्याकडे जोडी नाही, त्याला दुसऱ्याची जोडी मोकळी होईपर्यंत थांबणे भाग. जड चिखलात हल्याही जुंपला जाई. गावठी गाय दूध थोडे देई. तिचे खरे मोल तिच्या पोटी येणाऱ्या गोऱ्ह्यात होते.

३/ गावाची गुरे राखण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने गोवारी समाजाकडे होते. रानात चराई, घरी धानाची तणस. मात्र उन्हाळ्यात तणस मोजून घालावी लागे आणि काम संपलेला बैलही ती खातच असे. पोळ्याला पुजलेला बैल शेवटपर्यंत दावणीला ठेवणारी घरे होती; तो बाजारात नेऊन त्या पैशांत भर घालून नवा गोऱ्हा आणणारीही होती.

४/ संविधान सभेत २४ नोव्हेंबर १९४८ रोजी गोरक्षणावर चर्चा झाली. त्यातून आलेल्या अनुच्छेद ४८ मध्ये गाई-वासरांबरोबर ‘दुभती व जुंपणीची’ जनावरे आली. युक्तिवादात श्रद्धा होती, तशी शेतीची उपयुक्तताही होती. मग उपयोग संपल्यावर काय? या प्रश्नाचे उत्तर पुढे कायद्यांना आणि न्यायालयांना द्यावे लागले.

५/ भंडारा तेव्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४९ च्या पशुसंरक्षण कायद्याने दाखल्याशिवाय कत्तलीला मनाई केली. पुढील दुरुस्त्यांनी बंदीची कक्षा वाढत गेली आणि १९५६ मध्ये बैलही पूर्ण बंदीखाली आला.

६/ हा कायदा आव्हान मिळून सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल १९५८ च्या हनीफ कुरेशी निकालात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या पीठाने गाई-वासरांवरील पूर्ण बंदी वैध ठरवली. कामातून गेलेल्या बैलांवरील बंदी मात्र नाकारली. निरुपयोगी जनावरे उपयोगी जनावरांचा चारा खातात, हा त्यामागचा एक विचार होता. भंडाऱ्याचा शेतकरी उन्हाळ्यात तणस मोजताना हाच हिशेब करत होता.

७/ महाराष्ट्राच्या १९७६ च्या कायद्याने हीच वाट धरली : गाईला पूर्ण संरक्षण, बैलासाठी दाखला. १९९५ मध्ये विधिमंडळाने बैलांवरही बंदी मंजूर केली; पण राष्ट्रपतींच्या संमतीला जवळपास २० वर्षे लागली.

८/ दरम्यान, ऑक्टोबर २००५ मध्ये गुजरातच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९५८ ची भूमिका बदलली. बैल म्हातारा झाला तरी शेण-मूत्र देतो, म्हणून तो निरुपयोगी होत नाही, असा तर्क बहुमताने स्वीकारला. चाऱ्याचे पारडे हलके झाले, शेणाचे जड झाले.

९/ मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैलांवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. परराज्यातून आलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हशी आणि हल्ये या पूर्ण बंदीबाहेर राहिले.

१०/ २०१२ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे १ कोटी ५५ लाख गोवंश होता. २०१९ मध्ये तो सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. याचे कारण एकटा कायदा नव्हे : चिखलणीला ट्रॅक्टर आला, चराईची राने आटली. तरी म्हाताऱ्या बैलाच्या किमतीवर नवी जोडी उभी करण्याचा जुना मार्ग बंद झाला, हेही तितकेच खरे.

११/ सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रत्येकी दररोज ५० रुपये अनुदान मंजूर केले. जनावर पोसायला खर्च येतो, ही त्यातली कबुली महत्त्वाची आहे. परंतु ज्या दोन एकरवाल्याच्या दावणीला थकलेला बैल आजही उभा आहे, त्याची तणस त्यालाच पुरवावी लागते. बैलाने जगावे, हे कायद्याने ठरवले. त्याला पोसावे कोणी, हे संविधान सभेपासून आजवर कोणी नीट ठरवलेले नाही.