पळसदेव : उन्हाळ्यात उघडे पडणारे देऊळ

उन्हाळी भटकंती म्हटली की गडांचीच यादी निघते. सोमेश्वरनगरहून बारामती ओलांडून पूर्वेस इंदापूर तालुक्यात गेलात, तर पुणे-सोलापूर महामार्गालगत पळसदेव लागते. तेथील पळसनाथाच्या प्राचीन शिवालयाचा बहुतांश भाग वर्षातील बराच काळ पाण्याखाली असतो.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. फुगवट्यात काठची गावे बुडाली. जुने पळसदेवही त्यांतलेच. गाव उंचावर हलले, देऊळ नदीकाठीच राहिले.

ते कधी दिसेल, हे पंचांग नव्हे, धरणाचा साठा ठरवतो. उजनीची क्षमता सुमारे ११७ टीएमसी; त्यांपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. पातळी त्याखाली उतरली की ‘उजनी मायनसमध्ये’ अशा बातम्या येतात, आणि विटांच्या शिखराखालचे दगडी खांब व आवारातील वीरगळ मोकळे होतात. २०२४ च्या मे महिन्यात तसेच घडले. सोलापूर शहराची तहान याच पाण्यावर भागते. म्हणजे आपल्याला देऊळ जितके स्पष्ट दिसेल, तितका तिकडचा घोर मोठा.

गेलात तर वीरगळांपाशी थांबा. वीरगळ खालून वर वाचायचा असतो : तळाच्या चौकटीत लढाई किंवा धारातीर्थी पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, माथ्याजवळ शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर. पाय देऊन छायाचित्रे काढणारे पुष्कळ भेटतील. गाळ ओला असेल, तर काठावरूनच पाहावे.