नक्कल, मूळ रजिस्टर आणि अकरा वर्षं

२०१६ ची दिवाळी तोंडावर आली होती. मी भाजणी भाजत होते, तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा भाडेकरू मुलगा दारात. व्हीआयटी कॉलेजमुळे आमच्या बिबवेवाडीत अशी इंजिनिअरिंगची मुलं खूप. माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स त्यानेच घालून दिलं होतं.

"काकू, अपडेट केल्याशिवाय इंटरनेट लावू नका. कर्नलमध्ये भोक सापडलंय."

"नवीन आहे का?"

"नाही, नऊ वर्षांचं आहे."

इतिहास शिकवण्यात जन्म गेला. 'नऊ वर्षं' ऐकल्यावर भाजणी बाजूलाच राहिली.

कर्नल (लष्करातला नव्हे!) म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. कोणत्या फाइलला कोणी हात लावायचा हे तो ठरवतो. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असताना लिनक्सचा कर्नल लिहायला घेतला. पुढे तोच अँड्रॉइड फोनांत गेला. या भोकाला नाव पडलं 'डर्टी काऊ'. गाईचा काही संबंध नाही, 'कॉपी ऑन राइट' या शब्दांची ती आद्याक्षरं.

शाळेच्या ऑफिसातलं उदाहरण देते. समजा जनरल रजिस्टर वाचायला खुलं आहे, पण त्यात खाडाखोड चालत नाही. लिहायचंच असेल तर नकलेवर लिहा. क्लार्कने रजिस्टरवर नक्कल ठेवली, 'आता लिहायला हरकत नाही' असं ठरवलं आणि पेन घ्यायला वळला. तेवढ्यात कोणीतरी नक्कल उचलून फेकली. क्लार्क परत वळला. परवानगी तर झालेलीच होती, म्हणून त्याने समोर आलेल्या मूळ रजिस्टरातच जन्मतारीख बदलली! कर्नलचं नेमकं हेच होत असे. हल्लेखोराच्या प्रोग्रामचा एक हात सारखा 'लिही' म्हणायचा, दुसरा सारखी नक्कल टाकायला लावायचा. हजारदा केलं की एकदा वेळ साधायची, आणि साधा वापरकर्ता कॉम्प्युटरचा मालक व्हायचा.

आता तारखा बघा. ही चूक टोरवाल्ड्सला २००५ मध्येच दिसली होती. त्याने दुरुस्तीही केली, पण आयबीएमच्या एस-३९० जातीच्या मोठ्या यंत्रांवर ती अडचणीची ठरली म्हणून मागे घेतली गेली. २००७ च्या २.६.२२ आवृत्तीपासून चोरवाट उघडी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ती बुजवताना त्याने नोंदीत स्वतःच लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी मी हे दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते नीट जमलं नव्हतं. तेव्हा ही शर्यत कागदावरचीच वाटत होती, आता ती घडवून आणणं सोपं झालंय. कारभाऱ्याच्या हातची अशी कबुली आमच्या विषयात क्वचितच मिळते हो.

भोक सापडलं तेही दप्तर जपल्यामुळे. फिल ओस्टर नावाचा गृहस्थ आपल्या सर्व्हरकडे येणारी वेबची सगळी वाहतूक नोंदवून ठेवत असे. हल्ला झाल्यावर त्या नोंदींतूनच हल्ल्याचा प्रोग्राम त्याच्या हाती लागला. म्हणजे चोरांना आधीच ठाऊक होतं!

आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये कळलं की या दुरुस्तीतही एक फट राहिली होती. असो.

मुलाने कॉम्प्युटर थोड्या वेळात नीट करून दिला. "आणि फोनचं?" विचारलं, तर गप्प. फोनचा अपडेट कंपनीने पाठवायला हवा. सप्टेंबर २०१७ मध्ये ट्रेंड मायक्रोने जाहीर केलं की याच भोकातून अँड्रॉइडमध्ये शिरणाऱ्या 'झेडएनआययू' व्हायरसचे बहुतेक बळी चीन आणि भारतातले आहेत. तेव्हाही माझ्या फोनला अपडेट आलेला नव्हता, पुढेही आला नाही. पेन्शन जमा झाल्याचा मेसेज त्यानंतर आणखी वर्षभर मी त्याच फोनवर बघत होते.