मिश्रशब्द, इंग्रजीतील
दोन शब्दांचे तुकडे जोडून घडवलेला, दोहोंचे अर्थ एकत्र वाहणारा शब्द. लुइस कॅरल यांच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’मध्ये (१८७१) हम्प्टी डम्प्टी अशा शब्दाला ‘पोर्टमँटो’, म्हणजे दोन कप्प्यांची प्रवासी बॅग, म्हणतो. सामान्यतः पहिल्या शब्दाचा आरंभ व दुसऱ्याचा शेवट राहतो : ‘स्मोक’ व ‘फॉग’ मिळून ‘स्मॉग’. ‘मोटेल’मध्ये मात्र ‘मोटर’ व ‘हॉटेल’ यांची सामाईक अक्षरे एकमेकांवर बसतात. सांधा दिसतच नाही. सामासिक शब्दात घटक अखंड असतात (पहा : समास). तुटलेला तुकडा कधी प्रत्ययासारखा वापरला जातो : ‘मॅरेथॉन’ हे मूळ ग्रीक स्थलनाम, पण त्यातील ‘थॉन’वरून ‘टेलिथॉन’, ‘हॅकेथॉन’ झाले (पहा : प्रत्यय). वृत्तपत्रे, जाहिराती व राजकारण (‘ब्रेक्झिट’) यांत हे शब्द विपुल आढळतात. पुष्कळसे अल्पजीवी ठरतात.