बुद्धिरचना प्रतिमान
बुद्धिरचना प्रतिमान हा मानवी बुद्धीविषयीचा सिद्धान्त असून तो अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉय पॉल गिलफर्ड (१८९७–१९८७) यांनी मांडला. सर्व बौद्धिक कार्यांमागे एकच सामान्य क्षमता असते, या चार्ल्स स्पिअरमन यांच्या १९०४ मधील मताला तो छेद देतो.

रचना

या प्रतिमानात बुद्धीला तीन मिती आहेत: आशय (आकृती, संकेत, अर्थ, वर्तन), प्रक्रिया (बोधन, स्मरण, अपसारी विचार, अभिसारी विचार, मूल्यमापन) आणि फलित (एकक, वर्ग, संबंध, प्रणाली, रूपांतर, अनुमान). त्यांच्या संयोगातून ४ × ५ × ६ = १२० क्षमता संभवतात. गणिताचे एकमेव उत्तर शोधणे हा अभिसारी विचार होय, तर विटेचे शक्य तितके उपयोग सुचविणे हा अपसारी विचार. रूढ बुद्धिमापन चाचण्यांत दुसऱ्या प्रकाराला फारसे स्थान नव्हते.

महाराष्ट्रातील उपयोग

डॉ. वि. वि. (आप्पा) पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावंत विद्यार्थ्यांच्या शिक्षणाचे कार्य हाती घेतले. संस्थेच्या मानसशास्त्र विभागाने या प्रतिमानाच्या आधारे बुद्धिमापन चाचण्या विकसित केल्या.

टीका

गिलफर्ड यांचा पुरावा घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीवर आधारलेला होता. त्यांनी वापरलेल्या तंत्रात विदा अपेक्षित साच्याशी जुळवून घेतली जाते. यादृच्छिकपणे रचलेल्या सिद्धान्तांनाही या तंत्राने जवळजवळ तितकाच आधार मिळतो, असे हॉर्न व नॅप यांनी १९७३ मध्ये दाखविले. त्यामुळे १२० स्वतंत्र क्षमतांचा दावा मागे पडला. अपसारी विचाराची संकल्पना मात्र सर्जनशीलतेच्या अभ्यासात टिकून आहे.