नियमात बसलेला गोल

फुटबॉलमध्ये एक नियम असा आहे जो नियमपुस्तकात कुठेच सापडत नाही, पण जगभरच्या मैदानांवर पाळला जातो. खेळाडू जखमी होऊन पडला की ज्याच्या पायात चेंडू आहे तो चेंडू मुद्दाम बाहेर मारतो. उपचार होतात. थ्रो-इन समोरच्या संघाला मिळतो आणि तो संघ चेंडू सरळ परत देऊन टाकतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात, खेळ पुढे सुरू.

आता समजा, एखाद्याने तो चेंडू परत केलाच नाही आणि गोल मारला. तर तो गोल धरायचा का?

हे काल्पनिक वाटत असेल, पण १३ फेब्रुवारी १९९९ रोजी लंडनच्या हायबरी स्टेडियमवर नेमकं हेच घडलं. एफए कपची पाचवी फेरी होती. १८७१ साली सुरू झालेली ही स्पर्धा. तिची सगळी मजा एकाच गोष्टीत आहे, की खालच्या डिव्हिजनचा क्लब एखाद्या बलाढ्य क्लबच्या घरी जाऊन त्याला घाम फोडू शकतो. त्या दिवशी बलाढ्य होता आर्सेनल. आदल्याच वर्षी लीग आणि एफए कप दोन्ही जिंकलेला. आणि घाम फोडत होता दुसऱ्या स्तरावरचा शेफील्ड युनायटेड. पॅट्रिक व्हिएराने आर्सेनलला आघाडी दिली, मार्सेलोने बरोबरी केली. १-१.

पाऊण तास नव्हे, तब्बल सव्वा तास उलटून गेला होता. शेफील्डचा ली मॉरिस दुखापतीने खाली पडला, म्हणून त्यांचा गोलकीपर अ‍ॅलन केलीने चेंडू बाहेर मारला. थ्रो-इन आर्सेनलचा. रे पार्लरने रिवाजाप्रमाणे चेंडू शेफील्डच्या गोलकीपरच्या दिशेने फेकला. मध्येच न्वान्क्वो कानू धावला. आर्सेनलकडून त्याचा हा पहिलाच सामना, तोही बदली खेळाडू म्हणून. त्याने चेंडू ताब्यात घेतला, गोलसमोर पास दिला आणि मार्क ओव्हरमार्सने तो जाळ्यात ढकलला. २-१.

मैदानावर गोंधळ उडाला. शेफील्डचे खेळाडू रेफरी पीटर जोन्सभोवती जमले. मॅनेजर स्टीव्ह ब्रूस टचलाइनवरून हातवारे करत होता, जणू आता संघाला बाहेरच बोलावतो. काही मिनिटं खेळ थांबला. पण जोन्स काय करणार? ऑफसाइड नाही, हाताला चेंडू नाही, फाऊल नाही. पुस्तकात उभं राहायला एकही कलम नाही. त्याने गोल दिला आणि सामना त्याच आकड्यावर संपला.

कानूचा बचाव त्याच्या नवखेपणात शोधला गेला. चेंडू बाहेर का गेला होता ते आपल्या लक्षातच आलं नाही, असं त्याचं म्हणणं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना यावर विश्वास ठेवणं जड जात नाही. प्रत्येक टीममध्ये काही गोष्टी अशा असतात ज्या कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये नसतात, फक्त जुन्या लोकांच्या डोक्यात असतात. नवा माणूस पहिल्याच आठवड्यात अचूक त्याच जागी पाय टाकतो. पण हा बचाव ओव्हरमार्सला लागू पडत नाही. तो १९९७ पासून आर्सेनलमध्ये होता. पास समोर आला, पाय पुढे गेला. एका सेकंदात काय विचार करणार, असं म्हणता येईल. पण गोल झाल्यावर विचार करायला सेकंदांहून बराच जास्त वेळ होता.

तो विचार केला आर्सेनलच्या मॅनेजरने. सामना संपल्यावर थोड्याच वेळात आर्सेन वेंगरने सांगितलं, की सामना पुन्हा खेळवा. एफए राजी झालं. दहा दिवसांनी, २३ फेब्रुवारीला, हायबरीवरच सामना परत झाला. आर्सेनल पुन्हा २-१ नेच जिंकलं. गोल करणाऱ्यांमध्ये पुन्हा ओव्हरमार्स होता!

गोष्ट इथे संपवली तर ती मूल्यशिक्षणाच्या तासाला छान शोभेल. पण जरा हिशेब करून पाहू.

त्या काळी एफए कपमध्ये सामना बरोबरीत सुटला तर तो पुन्हा खेळवला जाई, आणि तो पाहुण्या संघाच्या मैदानावर. म्हणजे हायबरीवर १-१ टिकलं असतं, तर पुढचा सामना शेफील्डच्या ब्रॅमल लेनवर झाला असता. स्वतःचं मैदान, स्वतःचे प्रेक्षक, तिकीटबारीवर गर्दी. शेफील्डकडे हे सगळं मिळवायला फक्त शेवटची चौदा-पंधरा मिनिटं तग धरणं बाकी होतं. त्यांच्या पदरात काय पडलं? शून्यापासून नवा सामना, त्याच परक्या मैदानावर. मार्सेलोचा गोलही त्यात पुसला गेला. वेंगरचा हेतू स्वच्छ होता यात शंका नाही, पण भरपाई पुरी झाली नाही.

डेटाबेसमध्ये चूक झाली तर दुरुस्तीचे दोन रस्ते असतात. एक, सगळं मागे नेऊन सुरुवातीपासून करायचं. दुसरा, झालेली नोंद तशीच ठेवायची आणि तिला काटशह देणारी उलटी नोंद टाकायची. बँक तुमच्या खात्यातून चुकून कापलेले पैसे परत जमा करते, तेव्हा ती काळ मागे नेत नाही. हायबरीवर पहिला रस्ता निवडला गेला. दुसरा रस्ता म्हणजे तिथल्या तिथे शेफील्डला एक गोल मारू द्यायचा. तो त्या दिवशी कुणी घेतला नाही.

तो घेतला गेला वीस वर्षांनी. २८ एप्रिल २०१९, एलँड रोड, लीड्स विरुद्ध अ‍ॅस्टन व्हिला. व्हिलाचा एक खेळाडू जखमी होऊन पडलेला, लीड्स चेंडू बाहेर मारेल या समजुतीने व्हिलाचे लोक सैल पडलेले, आणि तेवढ्यात लीड्सच्या माटेउश क्लिखने गोल मारला. मोठी झटापट झाली. मग लीड्सचा मॅनेजर मार्सेलो बिएल्साने आपल्याच संघाला फर्मान सोडलं, की त्यांना गोल मारू द्या. व्हिलाचा अल्बर्ट अडोमा मोकळ्या मैदानातून चालत गेला आणि बरोबरी झाली. सामना १-१ सुटला. लीड्सची थेट वर चढण्याची जी काही गणिती धुगधुगी उरली होती ती विझली आणि दुसऱ्याच एका क्लबचं प्रीमियर लीगमधलं स्थान पक्कं झालं. तो क्लब होता शेफील्ड युनायटेड.

रिवाज पुस्तकात का लिहून टाकत नाहीत, हा प्रश्न साहजिक आहे. थोडं लिहिलंही गेलं. २०१२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सामन्यात शाख्तारच्या लुईझ आद्रियानोने असाच परत दिला जाणारा चेंडू पळवून नोर्शेलंडवर गोल मारला. तिथे खेळ रेफरीच्या ड्रॉप बॉलने सुरू झाला होता. गोल कायम राहिला, आद्रियानोवर मात्र युएफाने एका सामन्याची बंदी घातली. २०१९-२० च्या हंगामापासून ड्रॉप बॉल साधारणपणे चेंडूला शेवटचा स्पर्श करणाऱ्या संघाला मिळू लागला, त्यामुळे ही फट बुजली. पण केलीसारखा गोलकीपर स्वतःहून चेंडू बाहेर मारतो, तेव्हा नियमापुरता तो साधा थ्रो-इनच असतो. ओव्हरमार्सचा तो गोल आजही वैधच ठरेल.

आपल्याला हा वाद परका नाही. १९४७ साली सिडनीत विनू मंकडने बिल ब्राऊनला नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला धावबाद केलं, तेही नियमात बसूनच. तरी त्या प्रकाराला मंकडचं नाव चिकटलं ते शिवीसारखं. २०२२ मध्ये एमसीसीने ते कलम ‘अनफेअर प्ले’मधून उचलून साध्या ‘रनआउट’खाली नेलं. म्हणजे ‘नियमात बसतं पण शोभत नाही’ हा शिक्का दर वेळी न्याय्यच असतो असंही नाही. क्रीझ सोडून पुढे सरकणारा फलंदाज फायदा उकळत असतो. केलीने मात्र चेंडू सोडून दिला होता, आणि तो परत मिळेल या भरवशावर. माझ्या मते दोन्हींतला फरक इथे आहे. एकात प्रतिस्पर्ध्याच्या आगाऊपणाला उत्तर आहे, दुसऱ्यात त्याच्या विश्वासाचा वापर आहे.

म्हणून जोन्सने गोल दिला ते बरोबर आणि वेंगरने तो ठेवून घेतला नाही तेही बरोबर. पंचाने पुस्तकाबाहेर जायचं नसतं, पण खेळणाऱ्याला त्याची मुभा असते.

आणि ती फुकट मिळत नाही. एलँड रोडवर अडोमा गोलकडे निघाला तेव्हा लीड्सच्या सगळ्यांनी वाट सोडली होती, एक सोडून. बचावपटू पाँटस यान्सन शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्या पायातून चेंडू काढायला धडपडत होता. मॅनेजरचं त्याला पटलं नव्हतं. नियम त्याच्याच बाजूने होता.